कंबर दुखते म्हणून आईला बाजेवर बसवून ठेवू नका

माझ्या आईने उभा जन्म कमरेला ओटी बांधून कापूस वेचला. मागच्या दिवाळीत तिची कंबर धरली, तेव्हा आम्ही मायेपोटी तिला झाडू उचलू दिला नाही की चुलीजवळ बसू दिलं नाही. दोन महिन्यांत ती उंबरठा ओलांडतानाही चौकट धरू लागली. कंबर होती तेवढीच दुखत होती, तोल मात्र गेला.

सगळ्यात मोठी चूक हीच. अंग कुठे कललं, याची खबर कमरेच्या स्नायूंकडूनही मेंदूला जाते. दुखण्यात ती खबर बिघडते, भीतीने पावलं आखूड पडतात आणि बसून बसून मांड्यांतली ताकद जाते. मग टोंगळ्यावर हात टेकल्याशिवाय उठवत नाही.

आईला हलकं काम करू द्या: तांदूळ निवडणं, उभ्याने भाजी चिरणं, सपरीत फेऱ्या मारणं. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून रोज जमेल तेवढ्या वेळा उठबस करवून घ्या. बाज नको, ती खोलगट असते.

तोल किती गेला ते घरीच पाहता येतं. खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. तुम्ही शेजारी उभे राहा. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याची भीती आहे असं समजा.

कंबरपट्ट्यावर भिस्त ठेवू नका. जुनाट कंबरदुखीत पट्टा वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. गावात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर नकोच. त्यात स्टेरॉइड असेल, तर हाडं आणखी ठिसूळ होतात. दुखण्याच्या गोळ्याही मनाने रोज देऊ नका, पोट आणि किडनी दोन्हींना त्रास होतो.

रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा हवा, शेवाळ घासलेलं हवं, भिंतीला धरायला दांडा हवा. पाण्याचा भरलेला गुंड कमरेवर घेणं बंदच करा.

पण नुसतं वाकल्याने किंवा घसरल्याने एकदम कळ आली, पायातलं बळ गेलं, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी गाडी करून दवाखान्यात न्या.