मूल तोल कसा सावरतं, ते घरी कसं बघायचं

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. पालक विचारतात, "तोल बरोबर आहे का?" घरीच बघा. पाच वर्षांचं मूल अनवाणी एका पायावर साधारण दहा सेकंद उभं राहतं. घड्याळ लावा, पण मुलाला ते दाखवू नका. स्पर्धा सुरू होते!

मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगा, तुम्ही अगदी जवळ उभे राहा. मेंदूविकारतज्ज्ञांची ही जुनी रोम्बर्ग चाचणी. तोलाची खबर मेंदूला डोळे, अंतर्कर्ण (कानाचा आतला भाग) आणि सांधे-स्नायू देतात. डोळे मिटले की उरलेल्या दोघांची परीक्षा. थोडं डुलणं चालतं.

रांगतं-चालतं बाळ असेल तर मानसशास्त्रज्ञांची नजर घ्या. १९७४ मध्ये ली आणि ॲरन्सन यांनी बाळांभोवतीच्या भिंतीच हलवल्या. जमीन स्थिर असूनही बाळं डगमगली, काही पडलीसुद्धा. म्हणून नुकतं चालायला लागलेल्या बाळाला हलत्या पडद्याजवळ उभं करून तोल तपासू नका.

मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. काही महिन्यांत बंद झालेलं हे पावलं टाकणं, बाळाचे पाय पाण्यात ठेवताच परत दिसलं. म्हणजे अडचण मेंदूत नव्हती, पाय जड झाले होते. तेव्हा गुटगुटीत बाळाची शेजारच्या बाळाशी तुलना नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीची मुलंही होती, आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने निघाला. अठरा महिने उलटले, किंवा येत असलेलं चालणं बिघडलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना मोबाईलवर चालण्याचा व्हिडिओ घ्या, दवाखान्यात मुलं हटकून कडेवरच बसतात.