एआय सहायकाचा लॉग तपासताना
नौपाड्यातील घरच्या संगणकावर एआय सहायकाला बिलांचे फोल्डर लावायला सांगितले आणि वडिलांच्या औषधांची काही बिले नाहीशी झाली. सहायकाने ‘काम पूर्ण’ एवढेच कळवले होते. लॉगमध्ये, म्हणजे त्याने केलेल्या कामांच्या नोंदीत, प्रत्येक ओळीत एक कृती होती, पण वेळा जुळेनात. त्या यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत हे लक्षात आल्यावर ५ तास ३० मिनिटे मिळवली, तेव्हा ०४:१० ची ओळ म्हणजे आपली सकाळची ९:४० हे उमगले. त्या ओळीत ‘एमव्ही’ (mv) ही फाइल हलवण्याची आज्ञा होती, जी त्याच नावाची फाइल आधीपासून असली तरी सहसा न विचारता तिच्या जागी नवी ठेवते. ‘बिल-१’ नावाच्या साऱ्या फाइली अशाच एकीखाली एक गेल्या. बॅकअपमधून त्या परत आणल्या. आता फाइल हलवण्यापूर्वी आणि पुसण्यापूर्वी सहायकाने माझी परवानगी घेणे सक्तीचे केले आहे.