उन्हाळ्यात बोरिवलीच्या जंगलात पायी कसे फिरावे

एप्रिल-मेमध्ये जंगलात फिरायला निघालो म्हटलं की घरचे विचारतात, "या उन्हात?" प्रश्न चुकीचा नाही. पण बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं नॅशनल पार्क, उन्हाळ्यात जितकं आरपार दिसतं तितकं वर्षभरात कधी दिसत नाही. हे मुख्यतः पानगळीचं जंगल. पावसाळ्यात जिथे दोन हातांपलीकडचं दिसत नाही, तिथे आता फांदीवरचा पक्षी डोळ्यांनी सापडतो. जमवायच्या गोष्टी दोनच, घड्याळ आणि सावली.

आधी वेळ ठरवा

मे महिन्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. गेट उघडताच आत शिरा आणि साडेनऊपर्यंत बाहेर पडायच्या बेतानेच चाला. मोबाइलवर तापमान ३४ अंश दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. इथली हवा दमट असते, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. त्यामुळे नागपूरकराला किरकोळ वाटणाऱ्या आकड्यावर मुंबईकर धापा टाकतो. संध्याकाळचा मोह टाळा, कारण जमीन तापलेली असते आणि अंधार लवकर गाठतो. सोमवारी उद्यान बंद असतं. प्रवेशाच्या वेळा आणि तिकीट आदल्या दिवशी बघून ठेवा.

मग वाट

पहिल्यांदा जात असाल तर पायवाटांच्या नादी लागू नका. मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता पुरेसा आहे. लेणी गेटपासून सहा-सात किलोमीटरवर आहेत, तिथवर चालत जायचं नाही. दोन-अडीच किलोमीटर जा, थांबा आणि परत फिरा. "एवढंच?" असं वाटेल, पण येऊन-जाऊन पाच किलोमीटर होतात आणि उन्हाळ्यात तेवढे भरपूर आहेत.

सावली शोधायची एक सोपी खूण आहे. उताराकडे पाहा, तिथला साग बोडका दिसेल. ओढ्याच्या कडेला पाहा, तिथे जांभूळ, करंज, उंबर हिरवेगार. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी उद्यानातून वाहते. उन्हाळ्यात तिची डबकी तेवढी उरतात, पण मुळांना ओल मिळते आणि माणसाला सावली. तेव्हा थांबायचं ते नदीकाठच्या झाडाखालीच. पाण्यात मात्र उतरू नका.

कान्हेरी बघायचीच असेल तर उद्यानातल्या बसने वर जा आणि बसनेच उतरा. लेणी शंभराहून जास्त आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनागृह, बघा आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी जरूर बघा. इथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. डोंगरमाथ्यावर भिक्षूंनी वर्षभर वस्ती केली ती पावसाचं पाणी या पोढ्यांत अडवून. इथला काळा बेसॉल्ट खडक दहानंतर तव्यासारखा तापतो. मी एकदा अकरा वाजता पातळ चपला घालून त्या पायऱ्या चढलो होतो. उतरताना एकाही लेण्याचं नाव आठवत नव्हतं, फक्त तळवे आठवत होते.

उद्यानातल्या शिलोंढा किंवा नागला बंदर भागातल्या वाटांवर परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं. लहान मुलं सोबत असतील तर गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ३३ एकरांचं हे जंगल उद्यानाला लागूनच आहे. तिथे माहीतगार माणसाबरोबर फिरता येतं, आधी विचारून जा.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी, स्टीलच्या बाटलीत. त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. काकडी, चिक्की. सुती पूर्ण बाह्यांचा, मातकट रंगाचा शर्ट, टोपी आणि एक जुना पंचा. पंचा ओला करून मानेवर टाकला की टोपीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत, पाचोळ्याखालच्या मुरुमावरून पाय सहज घसरतो.

चालायचं कसं

चाला कमी, थांबा जास्त. एखाद्या डबक्यापासून थोडं लांब, झाडाला टेकून दहा मिनिटं गप्प उभे राहा. उन्हाळ्यात पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पक्षी बहुधा असाच दिसतो. 'टुक टुक टुक' असा ठोका ऐकू आला की तो तांबट पक्षी. मार्च-एप्रिलमध्ये कोशिंबाची लालभडक पालवी, मग बहाव्याचे पिवळे झुंबर. मेअखेर पावशा 'पेर्ते व्हा' म्हणू लागला की पाऊस फार लांब नाही.

हे बिबट्याचं घर आहे, हे विसरू नका. एकटे जाऊ नका, मुलांना पुढे धावू देऊ नका, अंधारात थांबू नका. प्रत्यक्षात जास्त त्रास माकडांचा होतो. खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका आणि त्यांना काही भरवू नका. विडी-काडी अजिबात नको, वाळल्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते.

कुणाला गरगरलं, मळमळलं तर लगेच सावलीत बसवा, बूट सैल करा, ओला पंचा मानेवर आणि काखेत धरा, घोट घोट पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर पाणी पाजू नका. अंग ओलं करत राहा आणि १०८ला फोन करा.

सगळं ठीक असेल तर साडेनऊला तुम्ही गेटबाहेर असाल. मे महिना असला तर बोरिवली स्टेशनच्या वाटेवर करवंदं दिसतात का बघा. जंगलातली तोडायची नाहीत, पण ही विकत घ्यायला कुणाची हरकत नाही.