नात्यातल्या माणसाला हातउसने पैसे द्यायचे तर कसे द्यायचे

नातेवाईक सहसा थेट पैसे मागत नाहीत, आधी तब्येत, मग मुलांची शाळा आणि शेवटी "जरा एक काम होतं". असा फोन आला की जागेवर हो पण म्हणू नका आणि नाही पण, "घरात बोलून संध्याकाळी सांगतो" म्हणा आणि खरंच घरात बोला. बायकोला किंवा नवऱ्याला न सांगता दिलेले पैसे कधीतरी कळतातच, मग पैशापेक्षा लपवल्याचं जास्त लागतं.

तो किती मागतोय ते बाजूला ठेवा, परत नाही आले तरी आपलं घर हलणार नाही एवढीच रक्कम द्या. ५०,००० मागितले आणि झेपतायत १०,००० तर १०,०००च. दवाखान्याचं असेल तर मात्र परतीचा विचार न करता जमेल तेवढे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

रोख देऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयने पाठवा. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत उसनी घेतली तर आयकर कायद्याने घेणाऱ्यालाच तेवढा दंड होऊ शकतो, म्हणजे मदत करायला गेलो आणि त्यालाच अडकवलं. पाठवल्यावर साधा मेसेज टाका, "दादा, हातउसने ३०,००० पाठवलेत, दिवाळीपर्यंत द्यायचं ठरलंय", आणि त्याचं "हो" येऊ द्या. यात अविश्वास कसला, उलट पुढे दोघांच्या आठवणीत फरक पडला तर भांडायला जागा राहत नाही. उसन्या पैशांचा दावा करायला कायद्यात साधारण ३ वर्षांची मुदत असते हेही माहीत असू द्या.

नाती खरी तुटतात ती पैसे परत मागताना. आपण संकोचाने गप्प, तो लाजेने गप्प, मग तो फोन उचलत नाही, लग्नकार्याला यायचं टाळतो आणि आपण म्हणतो बघा कसा बुडवा निघाला. बऱ्याचदा तो बुडवा नसतो, हातात द्यायला काही नाही म्हणून तोंड दाखवायला कचरत असतो. म्हणून वायद्याच्या आठवडाभर आधी आपणच फोन करायचा, फक्त त्यालाच, फॅमिली ग्रुपवर नाही आणि त्याच्या आईकरवी तर मुळीच नाही. "कधी देतोस" असं नका विचारू, "या महिन्यात किती जमेल" विचारा, २,००० म्हणाला तरी घ्या आणि मिळाल्याचं कळवा. लाज एकदा मोडली की पुढचे पैसे आपसूक येतात, आणि नाही आले तरी माणूस बोलता राहतो.

जामीन राहायला सांगितलं तर ते कर्ज आपलंच धरा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, तो थकला की बँक सरळ आपल्याकडे येऊ शकते. हप्ते भरायची तयारी नसेल तर सही करायची नाही, समोर सख्खा भाऊ का असेना.

नाही म्हणायचं असेल तर खोटं कारण देऊ नका, एफडीत अडकलेत म्हणालात आणि महिन्याने दारात नवी गाडी आली तर तो ते आयुष्यभर विसरणार नाही. "आत्ता मला जमणार नाही" एवढंच पुरे. आणि मग तिथेच उठून जाऊ नका, त्याचा पीएफ असेल तर आजारपणाला, लग्नाला त्यातून पैसे काढता येतात, घरात सोनं असेल तर बँकेत तारण कर्ज मिळतं, त्याच्यासोबत बसून तो अर्ज भरून द्या.