नव्या ग्रामसेवकाला दप्तर कसं शिकवावं

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून मी नव्या ग्रामसेवकांना (2024 पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) दप्तर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या आणि कागदपत्रं, शिकवते. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नियम म्हणजे लेखासंहिता 2011. तिच्याप्रमाणे नमुने, म्हणजे ठरवून दिलेल्या वह्या आणि तक्ते, 1 ते 33 आहेत. सगळे एका दिवशी दाखवू नका, पोरं घाबरून जातात. सुरुवात नमुना 8 पासून, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीपासून करा. ती वही घेऊन एका गल्लीत फिरा. वहीत कौलारू लिहिलंय आणि समोर स्लॅब उभा आहे, असं एखादं घर सापडतंच. तिथंच थांबून टेपने मोजायला लावा.

मग वसुली. नमुना 10 ची पावती त्याच्याच हाताने फाडू द्या. कार्बन नीट लागलाय का, स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे राहणारी प्रत, वाचता येते का, बघा. लगेच नमुना 9 मध्ये, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत नोंद, आणि संध्याकाळी रोकडवही. 'उद्या लिहू' म्हणाला तर उठू देऊ नका. माझ्या पहिल्या गावात मी चार दिवस ती लिहिली नव्हती. 340 रुपयांचा मेळ बसेना, रात्री अकरापर्यंत एकटी पावत्या चाळत होते. म्हणून पहिला आठवडाभर मी नव्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसते.

ग्रामसभेचं इतिवृत्त त्यानंतर घ्या.