शाळेतील किशोर-आरोग्य कार्यक्रम : या चुका टाळा

संशोधनात यशस्वी ठरलेला प्रतिबंधक कार्यक्रम खेड्यातल्या शाळेत फसला, की दोष मुलांना किंवा संशोधनाला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा, ज्या भागामुळे परिणाम घडत होता तोच भाग शाळेपर्यंत येईतो गळून गेलेला असतो आणि उरतात ते बॅनर, पाहुणे व फोटो. म्हणून विदर्भातल्या शाळांसाठी आखणी करताना, काय बदलले तरी चालेल आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी लिहून काढावे.

सर्वांत जुनी चूक धाक दाखवण्याची. तोंडाच्या कर्करोगाची चित्रे दाखवून व्यसनमुक्तीची शपथ दिली, की काम झाले असे समजले जाते. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम गणवेशातले पोलीस वर्गात येऊन शिकवत आणि तो कमालीचा लोकप्रिय होता. तरीही नंतरच्या अभ्यासांत व्यसनांवर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. ज्या कार्यक्रमांचे निष्कर्ष त्याहून चांगले आहेत, त्यांत नकार देण्याचा प्रत्यक्ष सराव असतो आणि पुढच्या वर्षी त्याची उजळणीही होते. आपल्याकडे आठवीतल्या मुलाला खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) कोणी अनोळखी माणूस देत नाही. शाळा सुटल्यावर पानठेल्याजवळ चुलतभाऊच खर्र्याची पन्नी पुढे करतो आणि म्हणतो, “घे ना बे, एका चिमटीनं काय होते?” या वाक्याला मैत्री न तोडता काय उत्तर द्यायचे, हे प्रत्येक मुलाने वर्गात दोन-तीनदा बोलून पाहिले पाहिजे. पुस्तकातल्या सिगारेटच्या जागी खर्रा आणणे हा योग्य बदल आहे, पण वेळ नाही म्हणून सराव वगळणे हे कार्यक्रमच वगळण्यासारखे आहे. आणखी एक पथ्य पाळावे : खर्रा खाणाऱ्यांना वाईट ठरवू नये, कारण वर्गातल्या कित्येकांचे वडील किंवा आजी तो खातात.

दुसरा प्रश्न कार्यक्रम कोणी चालवावा याचा, आणि तो बहुधा शासन निर्णय निघाल्यावर विचारला जातो. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ‘सेहर’ या शालेय किशोर-आरोग्य कार्यक्रमाची चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथे तोच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी, तर काही शाळांत शिक्षकांनी राबवला; शाळेतील वातावरण, दादागिरी आणि नैराश्य यांत सुधारणा झाली ती समुपदेशकांच्या शाळांत, शिक्षकांच्या शाळांत ती दिसली नाही. यावरून शिक्षक कुचकामी ठरत नाहीत. अध्यापन, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत अडकलेल्या माणसावर आणखी एक वही लादली, तर ती शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने भरली जाणार, एवढेच समजून घ्यावे. गावातली बारावी-पदवी झालेली तरुणी मानधनावर नेमणे शक्य असेल, तर आधी तो मार्ग पाहावा.

रक्तक्षय टाळण्यासाठी शाळेत दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचा घोळ वेगळा आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववी-दहावीच्या मुली सकाळी चहा पिऊन येतात, रिकाम्या पोटी गोळी घेतात, एकीला मळमळते आणि पुढच्या आठवड्यात गोळ्या खिडकीबाहेर जातात. त्या वर्गांना डबा खाल्ल्यानंतरच गोळी द्यावी, सोबत चहा नको हे सांगावे आणि शौचाचा रंग काळपट होणे स्वाभाविक आहे हेही आधीच स्पष्ट करावे. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

वेळापत्रकाकडे तर कोणी पाहतच नाही. मुंबईत आखलेले सत्र नोव्हेंबरात येते, आणि तेव्हा कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धे रिकामे असतात. ज्या मुलींसाठी सत्र ठेवले, त्याच शेतात असतात. मुख्य सत्रे जुलै ते सप्टेंबरमध्ये संपवावीत आणि उजळणी वेचणी आटोपल्यावर घ्यावी.

शेवटी मोजमाप. भाषणानंतर लगेच घेतलेल्या प्रश्नपत्रिकेत मुलांना ऐकलेले आठवते की नाही, इतकेच कळते. गेल्या तीस दिवसांत खर्रा खाल्ला का, हा प्रश्न नाव न लिहिता, घडी घालून पेटीत टाकायच्या कागदावर, सुरुवातीला आणि वर्षाअखेरीस त्याच शब्दांत विचारावा, आणि ती पेटी वर्गशिक्षकांनी उघडू नये.