मित्रांना आपलं शहर आणि भोवतालचं रान दाखवायचं तर

बाहेरगावचे मित्र चार दिवस राहायला येणार म्हटलं की आपण पहिल्यांदा यादी करायला बसतो. मोठी देवळं किंवा चर्च, संग्रहालय, बाजार, तलाव, डोंगर, सूर्यास्ताची जागा. यादी उरकते, पाहुणे दमतात, आणि परतल्यावर त्यांच्या आठवणीत आपलं शहर इतर कुठल्याही शहरासारखं होऊन बसतं. थोड्याच जागा घ्या, पण त्यांना धागा असू द्या. सगळ्यात पक्का धागा म्हणजे शहराचा तऱ्हेवाईकपणा आणि त्यामागचं कारण. बऱ्याचदा हे कारण शहराबाहेर, नदीत, खाणीत किंवा डोंगरात असतं. म्हणून कोडी शहरात घाला आणि उत्तरं रानात दाखवा. मग दोन वेगळ्या सहलींची एकच सहल होते.

कोडी कुठे सापडतात

रोज पाहून पाहून आपल्याला आपल्या शहराची तऱ्हा दिसेनाशी झालेली असते. ती परत दिसावी म्हणून पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधी एक फेरी मारा आणि फक्त विसंगती टिपा.

सरळ जाणारा रस्ता कारण नसताना वळतो, तिथे खाली बुजवलेला ओढा असू शकतो, नाहीतर पाडलेल्या तटाची रेषा. पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचतं ते पाहिलं की ओढ्याचा अंदाज येतो. जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या पातळीखाली गेलेले दिसतात, कारण आधीचा थर न खरवडता डांबराचे थर एकावर एक चढत गेले. घरांचे क्रमांक उलटसुलट असतील तर ते जागेच्या क्रमाने न देता बांधकामाच्या क्रमाने दिलेले असू शकतात. एखाद्या चौकाचं पाटीवरचं नाव एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच, कारण ज्या वस्तूवरून लोक ते नाव घेतात ती केव्हाच गेलेली असते. अशा चौकाची दोन्ही नावं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. नकाशात एक सापडतं, रस्ता विचारताना दुसरं लागतं.

दगडाकडे तर मुद्दाम बघा. रेल्वे यायच्या आधी बैलगाडीने किंवा घोडागाडीने दगड लांबून आणणं फार महाग पडायचं, म्हणून साध्या जुन्या इमारती जवळच्या खाणीतल्या दगडाच्या असतात. वाहतूक स्वस्त झाल्यावर परमुलखाचा दगड दिसायला लागतो. दगडाच्या रंगावरून इमारतीच्या वयाचा ढोबळ अंदाज करता येतो, आणि ती जुनी खाण बहुतेक वेळा फेरफटक्याच्या अंतरावर असते. पाण्याचंही तसंच. शहराचं जुनं पाणी कुठून यायचं हे शोधलं की एक चांगली पायवाट हाती लागते.

अशी पाच-सहा कोडी पुरतात, आणि त्यांतल्या किमान दोघांचं उत्तर शहराबाहेर प्रत्यक्ष दाखवता आलं पाहिजे. ऐकीव गोष्ट आणि तपासलेली गोष्ट मात्र वेगळी ठेवा. जुना नकाशा, गॅझेटियर किंवा स्थानिक ग्रंथालयातला इतिहासाचा कोपरा एकदा बघितला तरी निम्म्या दंतकथा गळून पडतात. उरलेल्या खुशाल सांगा, पण ‘असं म्हणतात’ असं म्हणून.

आधी काय विचारायचं

‘काय बघायला आवडेल?’ असं विचारलं की ‘काहीही चालेल’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मागच्या सहलीत कंटाळा कधी आला?’ असं विचारा, खरं उत्तर मिळतं. मग गुडघे, दमा, उंचीची भीती, रोजची औषधं, खाण्यातली पथ्यं, झोपेची वेळ आणि बुटांचा प्रकार विचारा. बुटांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण डोंगराचा दिवस सगळ्यात जास्त वेळा बुटांमुळेच फसतो. नवे कोरे बूट घालून कोणी येणार असेल तर निघण्याआधी आठवडाभर घरात आणि शेजारीपाजारी घालून फिरायला सांगा.

पाहुणे अनेक कालक्षेत्रं ओलांडून येणार असतील तर शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला तासाभराच्या हिशेबाने जुळतं, आणि पूर्वेकडे आलेल्यांना ते जास्त जड जातं. अशांना पहिल्या दिवशी उजेडात सपाटीवर चालवा. त्या दिवशी डोंगर नको आणि अंधारं सभागृहही नको, तिथे ते झोपतात.

शहरातला दिवस

सुरुवात उंचावरून करा. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस, जे पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, त्यांनी १८९२ मध्ये एडिंबरातला एक जुना मनोरा ताब्यात घेतला होता. ते पाहुण्यांना आधी थेट माथ्यावर नेत, तिथून शहर आणि भोवतालचा मुलूख दाखवत, आणि मग एकेक मजला उतरत शहर, देश, जग अशी ओळख करून देत. हा क्रम आजही चालतो. टेकडी, पाण्याची टाकी, उंच इमारतीची गच्ची, काहीही चालेल. वरून नदी, रेल्वे आणि उद्याचा डोंगर एवढ्या तीनच गोष्टी ओळखायला लावा. नंतर खाली गल्लीत पाहुणे दिशा हरवत नाहीत आणि वळलेला रस्ता पाहिल्यावर प्रश्न आपोआप विचारतात.

मार्ग आधी एकट्याने घड्याळ लावून चाला आणि वेळ तिप्पट धरा. तीन किलोमीटरचं अंतर एकट्याला चाळीस मिनिटांत होतं. पाचजणांना थांबत, फोटो काढत, रस्ते ओलांडत दोन तास लागतात. तालमीत चार गोष्टी वहीत उतरवा: स्वच्छतागृह कुठे आहे, बसायला सावली कुठे आहे, कुठलं दार कोणत्या वारी बंद असतं, आणि कंटाळलेल्या माणसाला मधूनच घरी जायचं तर बस कुठून मिळते. सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या इमारती उजळतात आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या. कोरीवकाम दाखवायचं असेल तर ऊन तिरपं पडेल अशी वेळ धरा, कारण माथ्यावरच्या उन्हात नक्षी सपाट दिसते.

थांबायची जागा निवडताना रहदारीपासून आत, रुंद आणि सावलीची निवडा. पाहुण्यांच्या पाठीला ऊन आणि आपल्या तोंडावर ऊन, अशी उभी राहण्याची रीत ठेवा. आधी त्यांना मिनिटभर नुसतं बघू द्या, मग ‘इथे काय खटकतंय?’ असं विचारा आणि शेवटी कारण सांगा. दोन-तीन मिनिटांच्या पुढे बोललात तर मागचे दोघे फोन काढतात. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा. मोठ्या गटात मागच्यांना ऐकू जात नाही आणि प्रत्येक सिग्नलला गट तुटतो.

जिथे गाड्या उलट बाजूने चालतात अशा देशातून कोणी आलं असेल तर पहिलाच रस्ता ओलांडताना थांबून सांगा. सवयीने मान चुकीच्या बाजूला वळते, आणि दमल्यावर तर हमखास वळते.

संग्रहालय एकच ठेवा, तेही दीड तासाच्या आत. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच छायाचित्रं काढून दाखवलं होतं की काचेतल्या वस्तू आणि पाट्या पाहताना माणूस किती वेळा वाकतो, मान मोडतो, उकिडवा बसतो. थकवा तिथूनच येतो. म्हणून दालनं निवडून घ्या, अर्ध्या तासाने बसा, आणि सकाळच्या कोड्यांशी संबंध असलेल्या वस्तूंपाशी जास्त वेळ द्या. जुना नकाशा आणि दगडांचे नमुने असतील तर आधी तिकडेच जा.

दिवसाचा शेवट सोपा आणि सुखाचा ठेवा. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगात लोकांनी एकदा मिनिटभर १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेवढंच करून आणखी अर्धा मिनिट हात पाण्यात ठेवला, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी जेमतेम एका अंशाने कोमट होत गेलं. पुन्हा करायला कोणता निवडाल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला. शेवट आठवणीवर इतका भारी पडतो. तेव्हा शेवटचा तास तिकिटाच्या रांगेत किंवा पार्किंग शोधण्यात घालवू नका.

रानातला दिवस

हा दिवस पाहुण्यांच्या मुक्कामाच्या मधोमध ठेवा. पहिल्या दिवशी शरीर तयार नसतं, शेवटच्या दिवशी उशीर झाला तर गाडी चुकते, आणि मध्ये ठेवला की हवा बिघडल्यास एक दिवस पुढे ढकलता येतो.

वेळेचा हिशेब असा करा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाचा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन आठ किलोमीटर आणि चढ ४५० मीटर. अंतराची ९६ मिनिटं, चढाची ४५, एकूण १४१. हा सराव असलेल्यांचा वेग आहे. सराव नसलेल्यांसाठी दीडपट, म्हणजे साडेतीन तास, आणि थांबण्याचा पाऊण तास धरा. सव्वाचार तास झाले. सूर्यास्ताच्या दीड तास आधी पायथ्याला यायचं असं ठरवून उलटी मोजणी करा आणि निघायची वेळ काढा. उन्हाळ्यात अर्थात पहाटेच निघायचं.

परत फिरण्याची वेळ आधीच जाहीर करा. सातला निघालात तर दहाला माथा आलेला असो वा नसो, मागे वळायचं. माथा अगदी समोर दिसत असताना हा निर्णय घेणं कोणालाच जमत नाही, म्हणून तो पायथ्याशीच घेऊन ठेवायचा.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात एक लिटर. चार तासांना किमान दोन लिटर, म्हणजे पाठीवर दोन किलो. पाहुणे ‘एवढं कशाला?’ म्हणतात, तरी द्या, आणि गाडीत वेगळं ठेवा. नुसतं पाणी पीत राहून घामातलं मीठ भरून निघत नाही, सोबत खारट खाणं हवं. जलसंजीवनीची पाकिटं नसतील तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, त्यामुळे मोजूनच घाला.

वर हवा गार असते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. घामाने भिजलेल्या माणसाला माथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. म्हणून चढताना कपडे कमी ठेवा आणि थांबताक्षणी वरचा थर घाला, गार वाटायला लागण्याची वाट पाहू नका. पावलाला कुठे चुरचुरलं की त्याच मिनिटाला गट थांबवा आणि तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टीचा उपयोग निम्माच राहतो. ‘लाजू नका, सांगा’ हे वाक्य निघतानाच म्हणून टाका, कारण यजमानाचा खोळंबा नको म्हणून पाहुणे दुखणं लपवतात.

पुढे वाट माहीत असलेला आणि मागे धीराचा, अशी दोन माणसं टोकांना हवीत. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं. इथे एक चूक फार होते: पुढचे दहा मिनिटं बसून घेतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो आला म्हणून सगळे उठतात. सर्वात दमलेल्याला अशी एकदाही विश्रांती मिळत नाही. शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजून मगच उठा.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. नेटवर्क शोधता शोधता फोन लवकर संपतो, म्हणून विमान मोड लावा. उपग्रहावरून जागा दाखवणं त्यातही चालतं. जाण्याची वाट आणि परतायची वेळ घरी कोणाला तरी लिहून द्या.

वीज चमकली की गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराची धार आणि एकटं झाड सोडून खाली या, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कोरडी असताना ओलांडलेली ओढ्याची वाट वर पाऊस झाल्यावर परतताना बंद असू शकते. तेव्हा दुसरा रस्ता माहीत नसेल तर तो ओढा ओलांडूच नका.

आता कोड्यांकडे. जुन्या खाणीशी थांबा, तुटलेल्या दगडाचा रंग दाखवा आणि काल याच रंगाची इमारत कोणती होती ते विचारा. खाणीच्या कडेला जाऊ देऊ नका, मोकळे दगड सुटतात, आणि साचलेल्या पाण्यात तर उतरूच नका. ते अचानक खोल आणि खूप गार असतं. माथ्यावरून शहराकडे बघताना झाडांची किंवा घरांमधल्या फटीची वळणदार रेषा दिसते का ते शोधायला लावा. बुजवलेल्या ओढ्याची रेषा पाहुण्यांना स्वतःहून सापडली तर तुम्ही काही सांगायची गरज नाही.

शेवटचा अर्धा दिवस

तो मोकळा ठेवा. घराची जास्तीची किल्ली, पत्त्याची चिठ्ठी, शेवटच्या बसची वेळ आणि चार्ज केलेला फोन देऊन पाहुण्यांना एकटं सोडा. त्यांना जे आवडलं तिकडे ते परत जातील, आणि ती जागा तुमच्या अंदाजाबाहेरची असेल. निघायच्या गाडीआधी किती वाजता घरी यायचं तेवढं ठरवून घ्या, आणि सामान आदल्या रात्रीच बांधायला सांगा.